एमजीबी की पहिली एमएक्स-५ : जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजी कंपनीची एमजीबी रोडस्टर आणि १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आलेली माझदाची एमएक्स-५ या दोन्ही गाड्यांची मांडणी सारखीच आहे : दोन आसने, उघडता येणारे छत, पुढे चार सिलिंडरचे इंजिन आणि गती मागच्या चाकांना. मात्र दोघींच्या जन्मात २७ वर्षांचे अंतर आहे आणि ते पहिल्याच वळणावर जाणवते.

एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनातून सुरुवातीच्या काळात सुमारे ९५ अश्वशक्ती मिळत असे. हे इंजिन कमी फेऱ्यांवरच चांगला जोर देते, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर सावकाश जाताना ही गाडी फार सुखावते. पण मागचा अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेला असल्याने खडबडीत वळणावर तिची मागची बाजू जागा सोडते. एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे इंजिन आहे, वजन टनाच्या आत आहे आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक दोन भुजांवर स्वतंत्रपणे धरणारी रचना) आहे. गिअरबॉक्स व डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना गती वाटून देणारा भाग) यांना जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीमुळे ॲक्सिलरेटर दाबताच गाडी तत्काळ प्रतिसाद देते. केवळ चालवण्याचा आनंद हवा असेल, तर माझ्या मते एमएक्स-५ निःसंशय सरस आहे.

देखभालीत एमजीबीची बाजू भक्कम आहे. कार्बुरेटरपासून ब्रेकपर्यंत बहुतेक कामे साध्या हत्यारांनी घरी होतात आणि तिची संपूर्ण बॉडीसुद्धा नवी तयार करून मिळते. एमएक्स-५ हात लावण्याची वेळ क्वचितच आणते. अपवाद सुरुवातीच्या १.६ इंजिनांचा, ज्यांत क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) पुढचे टोक आखूड असल्याने तिथली पुली धरणारी चावी (धातूची छोटी खुंटी) सैल होऊन मोठे काम निघू शकते. इंजिन चालू ठेवून पुढची पुली डगमगते का, ते आवर्जून पाहावे.

खरी परीक्षा गंजाची. एमजीबीच्या दरवाजांखालच्या सिल्स (पत्र्याच्या लांब पट्ट्या) हा सांगाड्याचाच भाग आहे. दरवाजा बंद ठेवून गाडी जॅकवर उचलावी आणि दरवाजाच्या कडेची फट कमीजास्त होते का, ते न्याहाळावे. फट बदलली, तर आतला पत्रा गेला असे समजावे, वरचा रंग कितीही ताजा असो. एमएक्स-५ मध्ये छताचे पाणी खाली नेणाऱ्या मागच्या नळ्या तुंबतात आणि मागच्या चाकांपुढचा पत्रा आतून कुजतो. छताच्या मागच्या कोपऱ्यात थोडे पाणी ओतून ते गाडीखाली उतरते का, हे विक्रेत्यासमोरच तपासावे.

हाताने काम करण्याची हौस असणाऱ्याने १९६७ नंतरची, पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखडाटाविना बदलू देणारी यंत्रणा) असलेली एमजीबी शोधावी. १९७४ च्या अखेरीपासून रबरी बंपरसोबत गाडीची उंची वाढली आणि तिची वळणावरील पकड बिघडली, म्हणून ती त्याआधीची असावी. इतरांनी एमएक्स-५ घ्यावी. १९९३ पासून तिच्यात १.८ लिटरचे इंजिनही आले, परंतु गंजलेली १.८ आणि निरोगी पत्र्याची १.६ समोर असतील, तर १.६ च घ्यावी.