घरीच लावलेला बरगंडी रंग : दिवाळी ते मृग, साडेसात महिन्यांचा अनुभव

कमरेपर्यंतचे, पूर्वी कधी रंग न लागलेले काळे केस. भांगात आणि कानशिलाजवळ थोडे पांढरे. दिवाळीआधी एकदा पूर्ण केसांना रंग लावला, त्यानंतर दर सात आठवड्यांनी फक्त मुळांना, असा चार वेळा. मृग लागला तरी टोकं फाटलेली नाहीत, फणीत नेहमीपेक्षा जास्त केस येत नाहीत. रंग मधूनमधून उतरला, त्याचं कारण पुढे येईलच. केस खराब होतात ते एकदा रंग लावल्याने क्वचितच. दर वेळी मुळापासून टोकापर्यंत पुन्हा पुन्हा तोच रंग चोपडल्याने होतात, हे ध्यानात ठेवलं तर बाकीचं सगळं सोपं आहे.

आधी अपेक्षेबद्दल. काळ्या केसांवर हा रंग घरात काळपट तपकिरीच दिसतो. अंगणात उन्हात उभं राहिलं की लाल अंबाडीच्या बोंडासारखी गडद जांभळट लाली चमकते. चित्रातल्या बाईसारखे चक्क वाइन रंगाचे केस हवे असतील तर आधी ब्लीच लागतं, आणि ते घरी करू नये. पाकिटावरचा आकडा बघून घ्यायचा : टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणा सांगतो (३ म्हणजे गडद तपकिरी, ४ म्हणजे तपकिरी), टिंबानंतरचे झाक सांगतात. बऱ्याच कंपन्यांत ६ म्हणजे लाल, ५ म्हणजे महोगनी (लालसर तपकिरी), २ म्हणजे जांभळट. काळ्या केसांना ३ किंवा ४ ने सुरू होणारी छटा बरोबर बसते. ६ ने सुरू होणारी उजळ लाल छटा घेतली तर फक्त मुळं भडक होतात आणि लांबी काळीच राहते.

डेव्हलपर (रंगाच्या क्रीममध्ये मिसळायचं द्रव) २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. तो केसाचा मूळ रंग एक-दोन पायऱ्या उजळतो, तेवढं पुरे. ३० किंवा ४० व्हॉल्यूम घरी आणूच नये. ‘अमोनिया नाही’ लिहिलेल्या पाकिटानेही निर्धास्त होऊ नये. त्यात अमोनियाऐवजी दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो आणि पेरॉक्साइड असतंच. वास कमी येतो, काम तेच.

मेंदीचा प्रश्न इकडे सगळ्यात महत्त्वाचा, कारण बहुतेक घरांत केसांना मेंदी लागलेली असते. शुद्ध पाल्याच्या मेंदीवर हा रंग चालतो. आठवडी बाजारात ‘काळी मेंदी’, ‘बरगंडी मेंदी’ म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुधा पाकिटातल्या रंगात असतं तेच पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायमिन) हे रसायन असतं. काहींत धातूचे क्षारही असतात आणि पेरॉक्साइडशी त्यांचं जमत नाही. म्हणून फणीतले केस गोळा करून दोऱ्याने जुडी बांधायची, क्रीम आणि डेव्हलपरच्या चमचाभर मिश्रणात ३० मिनिटं बुडवून ठेवायची. मिश्रण गरम झालं, फसफसलं किंवा केस लगद्यासारखे मऊ पडले तर रंग लावायचा नाही. काही झालं नाही तर जुडी धुवून वाळवून उन्हात धरायची. डोक्यावर कोणता रंग येणार ते तिथेच कळतं. बीट, जास्वंद, अंबाडीच्या बोंडांचं पाणी यांचा रंग केसात मुरत नाही, पहिल्याच धुण्यात न्हाणीतून वाहून जातो.

त्वचेची चाचणी ४८ तास आधी, कानामागे, दर वेळी. पूर्वी चाललं म्हणून या वेळी चालेलच असं नसतं. काळ्या मेंदीने हाताला कधी खाज आली असेल, पुरळ उठला असेल, तर हा रंग नाहीच. भुवयांना, पापण्यांना कधीही लावू नये.

लावण्याच्या आदल्या दिवशी केस धुवायचे नाहीत. टाळूवरचा नैसर्गिक तेलकटपणा आग होण्यापासून वाचवतो. मात्र चपचपीत तेल असेल तर रंग नीट बसत नाही. टोकांना आदल्या रात्री दोन-चार थेंब खोबरेल पुरे. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन. प्लास्टिकचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्यायचं. लोखंड, तांबं, पितळ, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं यातलं काही नको. कमरेपर्यंतच्या दाट केसांना साधारण १८० ग्रॅम क्रीम लागतं, डेव्हलपरचं प्रमाण पाकिटावर असेल तसं. एकाच पाकिटात भागवायला गेलं की मागचा भाग कोरा राहतो.

पहिल्या वेळी टाळूपासून दोन सेंटीमीटर सोडून लांबीला आधी लावायचं. टाळूच्या उष्णतेने मुळांशी रंग लवकर चढतो. आधी मुळांना लावलं तर भांगाशी लाल पट्टा आणि खाली काळं असं उलटं दिसतं. दोघींनी मिळून लांबी १०-१५ मिनिटांत आटोपायची, मग मुळं, आणि तिथून साधारण २५ मिनिटं. पाकिटावरच्या वेळेच्या पुढे जायचं नाही. कूलरसमोर बसू नये : कोरड्या वाऱ्याने लेप वाळतो, आणि वाळलेला लेप काम करत नाही. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, डोक्याला प्लास्टिकची टोपी किंवा स्वच्छ पिशवी बांधून, छपरीत बसून लावणं सगळ्यात बरं.

दुसऱ्या वेळेपासून फक्त मुळं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे सात आठवड्यांत जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. तेवढ्याच पट्टीला ४०-५० ग्रॅम क्रीम, बारीक शेपटीच्या फणीने भांग पाडत. जुन्या रंगावर तोच रंग चढवला की लांबी गडद होत काळी पडते आणि टोकं खरखरीत होतात. पांढऱ्या केसांवर बरगंडी एकटी लावली तर गुलाबी चमकते. तिथे त्याच कंपनीची ३ किंवा ४ क्रमांकाची साधी तपकिरी छटा निम्मी मिसळायची.

आता पाणी. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, बोअरच्या पाण्याने धुतलेल्या केसांवर बोटं अडकतात. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट थर धरतात आणि लाली मळकट दिसते. पहिल्या महिन्यात रंग उतरल्यासारखा वाटला तो यामुळे. तेव्हापासून धुणं बोअरच्या पाण्याने, पण शेवटचे दोन तांबे आरओच्या कॅनमधल्या पाण्याचे, त्यातल्या एका लिटरात १५ मिलि पांढरं व्हिनेगर. फरक त्याच दिवशी बोटांना कळतो. अंगाचा साबण केसांना लावणं बंद. तो अल्कधर्मी असतो, केसावरचे खवले उघडतो आणि त्यातून रंग निसटतो. सौम्य शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून आठवड्यातून दोनदा, तोही रंग लावल्यावर ४८ तासांनी. पहिल्या तीन-चार धुण्यांत पाणी जांभळं जातं, ते साहजिक आहे. उशीला जुना अभ्रा घालायचा.

ऊन पाण्याहून वाईट. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपट्ट्याबाहेर राहिलेल्या कपाळावरच्या बटा तांबूस झाल्या, आणि त्याच डोक्यावरची मागची वेणी तशीच गडद राहिली. मार्चनंतर तर पूर्ण डोकं झाकल्याशिवाय शेतात जाऊ नये. उतरलेली लांबी पुन्हा पेरॉक्साइडने रंगवायची नाही. पेरॉक्साइड नसलेला जांभळट लाल थेट रंग (डेव्हलपरशिवाय लागणारा) एक भाग आणि साधा पांढरा कंडिशनर चार भाग, ओल्या केसांना १५ मिनिटं, दर तीन आठवड्यांनी. तांबूसपणा यात झाकला जातो आणि केस मऊ राहतात. कोऱ्या काळ्या केसांवर हे मिश्रण जवळजवळ दिसत नाही, आधी रंगवलेल्यांवरच दिसतं.

दर वेळी मुळांना लावण्याआधी एक ओला केस हलकेच ताणून बघायचा. थोडा लांबून परत आला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबतच गेला किंवा तटकन तुटला तर दोन महिने थांबायचं आणि फक्त कंडिशनरवर भागवायचं.

उरलेलं मिश्रण बाटलीत झाकून ठेवू नये, आत वायू तयार होऊन बाटली फुटते. ते त्याच दिवशी भरपूर पाण्याबरोबर टाकून द्यायचं. न वापरलेल्या नळ्या कपाटात वरच्या कप्प्यात, कुलूप लावून ठेवायच्या. हे रसायन मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.