विनिपेगची थंडी, उतरणारी बॅटरी आणि पाच महिने वापरलेला मेंटेनर

मेंटेनर, म्हणजे गाडीची बॅटरी हळूहळू भरून भरलेलीच ठेवणारा छोटा चार्जर, नोव्हेंबरात घेतला होता, आता एप्रिल उजाडलाय, म्हणून आता लिहिते, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळंच चुकीचं लिहिलं असतं.

मी इथे कॅनडात विनिपेगला हॉस्पिटलमध्ये नाईट ड्युटी करते. घर ते हॉस्पिटल जेमतेम ४ किलोमीटर, गाडी ७ वर्षं जुनी, पार्किंग उघड्यावर. मागच्या वर्षी जानेवारीत उणे ३१ असताना सकाळी ड्युटी संपवून आले, सेल्फ मारला तर नुसतं कट कट कट, डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन विझले. शेजारच्या गाडीवाल्या पाजींनी जंप दिला, म्हणजे त्यांच्या बॅटरीवरून वायर लावून गाडी चालू करून दिली, म्हणून घरी पोचले. दुसऱ्या दिवशी एका दुकानात दाखवली, त्यांनी दोन मिनिटं मशीन लावून सांगितलं बॅटरी गेली, नवीन टाकली. आणि नवीन बॅटरी तीन आठवड्यांत परत उतरली! तेव्हा मला खरंच रडू आलं होतं, कारण पैसे गेले ते गेलेच आणि वर ड्युटीला उशीर.

नाशिकला बाबांना फोन केला. ते एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होते. ते म्हणाले, "अगं, बॅटरीला नावं ठेवायच्या आधी अर्थिंग बघितलंस का? आणि मीटर घे एक, मीटर खोटं बोलत नाही." तर मेंटेनर नंतर, आधी २५ डॉलरचा मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर) घेतला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग त्याचाच झाला.

बाबांनी व्हिडिओ कॉलवर एकेक करून घेतलं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला १२.६ च्या आसपास व्होल्ट पाहिजे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. माझी १२.१ दाखवत होती. मग गाडी चालू करून बघितलं तर १४.३, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) ठीक. मग अर्थिंग बघायला मीटरचा एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि नवऱ्याला सेल्फ मारायला सांगितला, तर तिथेच ०.९ व्होल्ट खाल्ले जात होते, खरं तर ०.२-०.३ च्या वर जायला नको. खांबावर वायर धरून ठेवणारा क्लॅम्प उघडला तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्या क्लॅम्पच्या आत पांढरट हिरवी बुरशीसारखी खर, नखाने खरवडली तर भुगा पडला. दुकानात नवीन बॅटरी टाकताना तो जुना क्लॅम्प तसाच परत कसला होता. खायच्या सोड्याचं पाणी, जुना टूथब्रश, मग कोरडं करून वायर ब्रश आणि कसल्यावर वरून व्हॅसलिन, झालं.

पण उतरत का होती ते वेगळंच निघालं. निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर लावला (१० अँपियरच्या भोकात पिन घालायची आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, फ्यूज उडतो), गाडी लॉक करून ४० मिनिटं थांबले कारण आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो. झोपल्यावर ५० मिलिअँपियरच्या आत पाहिजे, माझ्याकडे ३१०! आकडा कधी पडतो ते बघत एकेक फ्यूज काढत गेलो आणि डॅशकॅम सापडला, काचेवरचा कॅमेरा, पार्किंगमध्ये पण रेकॉर्डिंग चालू ठेवणारा. ३१० म्हणजे दिवसाला ७ अँपियर-तासाच्या वर, सलग तीन दिवस सुट्टी असली की ६० अँपियर-तासाच्या बॅटरीतलं एक तृतीयांश गेलंच. वर उणे १८ ला बॅटरीची ताकद साधारण निम्मीच उरते आणि गार तेलामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. ४ किलोमीटरच्या फेरीत अल्टरनेटर ते भरून काढू शकत नाही, गार बॅटरी चार्ज पण हळूच घेते.

म्हणून दीड अँपियरचा मेंटेनर घेतला. पार्किंगच्या खांबावरच्या प्लगमध्ये ब्लॉक हीटरसोबत लावते. इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांना वाटतं ब्लॉक हीटर लावला की बॅटरीची काळजी मिटली, पण तो इंजिन गरम करतो, बॅटरी नाही. हीटर निघायच्या तीन-चार तास आधी पुरे, मेंटेनर मात्र मी सुट्टीच्या आदल्या रात्री लावते. थंडीचा वेगळा मोड आहे त्यावर, तो वापरा. पाच महिन्यांत एकदाही गाडी अडली नाही, फेब्रुवारीत उणे ३३ ला पण नाही, आणि सकाळचं रीडिंग १२.६ च्या खाली आलं नाही. तक्रार एकच, केबल थंडीत काठीसारखी ताठ होते, वाकवताना भीती वाटते, रबरी केबल द्यायला हवी होती.

लिथियमचा जंप पॅक पण घेतलाय, म्हणजे दुसरी गाडी नसतानाही जंप देता येणारी छोटी बॅटरी. तो गाडीत ठेवू नका. मी डॅशच्या कप्प्यात ठेवला होता, उणे २८ ला त्याचा स्वतःचाच दिवा लागेना. आता पर्समध्ये असतो आणि चार्ज घरातच करते, शून्याखाली लिथियम चार्ज करायचं नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७-८ लाच गोठू शकते, भरलेली उणे ५० ला पण नाही. बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं तर ती गोठलेली असू शकते, जंप देऊ नका, चार्जरही लावू नका, फुटू शकते. माझ्यासोबतच्या एका मुलीने तशीच वायर लावायला घेतली होती, मी धावत जाऊन हात धरला.

डॅशकॅमचं पार्किंग रेकॉर्डिंग बंद केलंय, आता गाडी झोपल्यावर मीटर ३० मिलिअँपियर दाखवतो. मीटरची स्क्रीन थंडीत आकडे हळू बदलते, थोडं थांबून वाचा. बाबा अजून दर रविवारी विचारतात, "आज किती दाखवलं?"