खून नसलेलं रहस्य की उशिरा होणारा अपघात? कॉलेजातल्या दोन जुन्या कादंबऱ्या

रहस्यकथा आवडतात, पण रक्त आणि विकृती वाचवत नाही, अशांनी इंग्रजीतल्या दोन कादंबऱ्या जरूर बघाव्यात. डोरोथी एल. सेयर्सची 'गॉडी नाइट' (१९३५) आणि जोसेफिन टेची 'मिस पिम डिस्पोझेस' (१९४६). दोन्ही मुलींच्या कॉलेजात घडतात. दोन्हींत छडा लावणारी बाई पोलिसांतली नाही, लेखिका आहे.

'गॉडी नाइट'मध्ये खूनच होत नाही. ऑक्सफर्डच्या एका काल्पनिक कॉलेजात लेखिका हॅरिएट व्हेन माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला येते आणि पदवीधरांच्या गाउनच्या बाहीत तिला चिठ्ठी सापडते, तिला खुनी म्हणणारी. पुढे निनावी पत्रं आणि नासधूस वाढत जाते. एका प्राध्यापिकेच्या छंदशास्त्रावरच्या ग्रंथाची प्रुफं कुणीतरी खराब करतं. बाईंची सारी मेहनत त्यात आहे. तो प्रसंग वाचून माझ्या पोटात खड्डा पडला; एखाद्या खुनाच्या वर्णनानेही तसं झालं नसतं. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० साली सुरुवात केली, आणि त्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत सेयर्स होती. म्हणूनच 'बाहेर बोभाटा झाला तर कॉलेजचं काय' ही प्राध्यापिकांची धास्ती इतकी खरी उतरली आहे. एका अश्लील चित्राचं ओझरतं वर्णन आणि शेवटाकडे एक जीवघेणा हल्ला, एवढं मात्र सोसावं लागतं. पुस्तक जाडजूड आहे, प्राध्यापिकांची नावं लवकर लक्षात राहत नाहीत, मधूनमधून लॅटिनही येतं.

'मिस पिम' त्यापेक्षा खूपच आटोपशीर. शारीरिक शिक्षणाचं कॉलेज, भल्या पहाटे होणारी घंटा, परीक्षेने दमलेल्या मुली. व्याख्यानाला आलेली मिस पिम मुलींच्या आग्रहामुळे मुक्काम वाढवते. बराच वेळ गुन्हा असा नाहीच. गवतात सापडलेली कॉपीची लाल वही आणि एका चांगल्या नोकरीसाठी प्राचार्यांनी केलेली निवड, एवढ्यावर ताण चढत जातो. मग व्यायामशाळेत अपघात होतो. वर्णन संयत आहे, पण त्यात एका मुलीचा जीव जातो, आणि हाती आलेल्या पुराव्याचं मिस पिम जे करते ते मला अजून पटलेलं नाही.

कॉलेजात जाणाऱ्या भाचीला द्यायचं असेल तर मी 'मिस पिम'च देईन. स्वतःसाठी, निवांत सुट्टीत, 'गॉडी नाइट'. फक्त त्याआधी हॅरिएट जिच्यात पहिल्यांदा भेटते ती सेयर्सचीच कादंबरी, 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०), वाचून घ्या. तिच्यावर खुनाचा खटला चालला होता हे त्यात कळतं, आणि बाहीतली ती चिठ्ठी तिला किती झोंबली असेल तेही.