फीडर : नेटवर्क नसलेल्या वावरात वाचता येणाऱ्या बातम्या

संकेतस्थळांवरील नवा मजकूर आपोआप फोनवर आणून देणारे ‘फीडर’ हे अँड्रॉइडवरील मोफत आणि मुक्तस्रोत ॲप, घरी नेटवर्क मिळते पण वावरात मिळत नाही अशा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावासाठी फार सोयीचे आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या लेखांची शीर्षके, दुवे आणि सारांश आरएसएस किंवा ॲटम या ठरावीक साच्याच्या फाईलमध्ये, म्हणजे फीडमध्ये, ठेवते आणि ॲप ती फाईल अधूनमधून तपासून नव्या नोंदी आपल्यापुढे मांडते. आरएसएस १९९९ पासूनचे आहे. गूगलने २०१३ मध्ये फीड वाचण्याची आपली ‘रीडर’ ही सेवा बंद केली तेव्हा ही पद्धतच संपली असा अनेकांचा समज झाला, परंतु वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालणारी बहुतेक संकेतस्थळे आजही फीड देतात.

मजकूर केवळ वायफायवर किंवा फोन चार्जिंगला असतानाच आणावा, असे फीडरमध्ये ठरवता येते. त्यामुळे संध्याकाळी घरी उतरलेले लेख रात्री हरभऱ्याच्या जागलीला, नेट नसतानाही, निवांत वाचता येतात. मात्र अनेक वृत्तपत्रे फीडमध्ये दोन ओळींचाच सारांश देत असल्याने, त्या फीडपुरता पूर्ण लेख आणण्याचा पर्याय आधी सुरू करावा लागतो. खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत आणि प्रत्येक नोंदीवर तारीख असते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कापसाच्या भावाची गेल्या हंगामातील बातमी ताजी म्हणून फिरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या तारखेचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

उणीव आहे ती ॲपबाहेरची. रिझर्व्ह बँक आणि पत्र सूचना कार्यालय फीड देतात. पण शेतकऱ्याला रोज लागणारे भाव आमच्या भागात फलकाच्या फोटोतूनच कळतात आणि जिथे फीडच नाही तिथे कोणतेही ॲप काय करणार?

फीडची यादी ओपीएमएल या अशा याद्यांसाठीच्या ठरावीक साच्याच्या फाईलमध्ये काढून दुसऱ्या फोनवर किंवा दुसऱ्या ॲपमध्ये नेता येते. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपचे मागे चालणारे काम थांबवतात, म्हणून सेटिंगमध्ये फीडरला त्यातून वगळावे. अन्यथा लेख ॲप उघडल्यावरच उतरू लागतात, आणि वावरात तोवर नेटवर्क गेलेले असते.