कोळंबीचं खाद्य: हाताने की ऑटोफीडरने?

व्हॅनामी कोळंबीच्या तलावात साधारण निम्मा खर्च खाद्याचाच. हाताने दिवसातून चार वेळा टाकलं की एकदम भरपूर पडतं; कोळंबी मात्र कुरतडत, सावकाश खाते. तोवर दाणा फुगतो, सत्त्व पाण्यात उतरतं, तळाशी काळा गाळ साचतो. ऑटोफीडर थोडं थोडं टाकत राहतो, वाया कमी जातं. पण त्याला वीज लागते, आणि कात टाकताना कोळंबीची भूक मंदावते हे साध्या टायमरला कळत नाही. ते चेक ट्रे (थोडं खाद्य ठेवून तलावात सोडलेला जाळीचा ट्रे) सांगतो. दोन तासांनी वर काढा, उरलेले दाणे बघा, एक कोळंबी उजेडात धरा: पाठीतली आतड्याची रेघ भरलेली हवी. छोट्या तलावाला मी हातच पसंत करेन, कोळंबी दाट सोडलेल्या तलावाला फीडर. तोही ट्रे बघूनच लावायचा.