पालिकेच्या शाळेतला संध्याकाळचा अभ्यासवर्ग: ४/५ स्टार
लेक चौथीला, शाळा सुटल्यावर आम्ही दोघंही कामावर, त्यामुळे घातलं एका संस्थेच्या फुकट अभ्यासवर्गाला. मुंबईत डोअर स्टेप स्कूलवाले १९८८ पासून वस्तीतल्या पोरांना शिकवतायत, हा वर्ग तसलाच पण छोटा. ताई भारी आहेत, हातच्याची वजाबाकी पाठ नाही करून घेत, दहा काड्यांचा गठ्ठा समोर ठेवतात, रबर काढायला लावतात आणि मग मोज म्हणतात, तेव्हा कुठे पोरीच्या डोक्यात शिरलं की शेजारच्या घरातून एक दहा कसा येतो ते. आता होमवर्कसाठी मागे लागावं लागत नाही, गोष्टीची पुस्तकंही घरी आणते (परत द्यायला विसरते ते सोडा). एक स्टार कापला कारण वर्गाला सुट्टी असल्याचा मेसेज ऐनवेळी टाकतात राव, कामावरून कसं धावत यायचं? आणि पहिली ते पाचवी एकाच खोलीत कोंबलीयेत. तरी प्रायव्हेट ट्यूशनपेक्षा कधीही बरं, जागा असेल तर लगेच नाव घाला.