हापूसवर ब्लॉकचेनचा क्यूआर कोड: एका हंगामाचा अनुभव

पुण्यात मी हापूस विकतो. माल थेट रत्नागिरी आणि देवगडच्या बागायतदारांकडून येतो. यंदा पूर्ण हंगामभर ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक नोंदवही) चालणारी स्टिकरची सेवा वापरली. प्रत्येक फळावर वेगळा कोड असतो. बागेत पेटी भरताना पहिली नोंद होते, माल पुण्यात उतरला की दुसरी, आणि शेवटी गिऱ्हाईक स्कॅन करतं.

खरा फायदा झाला तो माग काढण्यात. वॉलमार्टने आयबीएमसोबत केलेल्या प्रयोगात आंब्याच्या फोडींचं पाकीट मेक्सिकोतल्या कोणत्या बागेतून आलं हे शोधायला आधी जवळपास 7 दिवस लागले होते, ब्लॉकचेनवर मात्र 2.2 सेकंद. साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, वरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. आता तशी तक्रार आली की कोड टाकायचा. बाग, तोडणीची तारीख आणि त्याच बागेतून आलेल्या बाकीच्या पेट्या लगेच समोर येतात. त्या पेट्या मी विक्रीतून बाजूला काढतो.

भेसळ थांबते का? ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने सर्रास खपतो. ब्लॉकचेनवरची नोंद मागाहून कुणाला बदलता येत नाही, पण पहिली नोंदच खोटी असेल तर तीही तशीच कायम राहते. म्हणून कोणत्या बागेला किती स्टिकर दिले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ही सेवा देणाऱ्या कंपनीने सातबारा आणि कलमांची संख्या पाहून स्टिकर दिले, हे उत्तम केलं. पण मोहोर गळून पीक घटलं, तर उरलेल्या स्टिकरांचं काय? ते परत घेण्याची सोयच नाही. बाहेरचं फळ आत शिरायला एवढी फट पुरते.

स्टिकरची नक्कल केली आणि एकच कोड दोन गावांत स्कॅन झाला, तर इशारा येतो. मात्र बहुतेक गिऱ्हाइकं स्कॅनच करत नाहीत, म्हणून मी दुकानातच त्यांच्यासमोर एक फळ स्कॅन करून दाखवतो. बऱ्याच बागांत रेंज नसते. तिथली नोंद संध्याकाळी चढते आणि वेळ चढवल्याची दिसते, तोडणीची नाही. हे सुधारायला हवं.

पुढच्या हंगामातही ही सेवा घेणार आहे. उरलेले कोड हंगाम संपताच बाद करा, असं कंपनीला लेखी कळवलं आहे. जे बागायतदार हे स्टिकर घेणार असतील त्यांनीही हीच मागणी लावून धरावी.